टिकल्या कुठे लागतात ते आधी बघा

या महिन्याच्या टपालात पाच पत्रं एकाच दुखण्याची निघाली, एकाच शहरात वस्ती बदलली की तब्येत का बदलते आणि शहराने त्याचं काय करावं, म्हणून गुडघेदुखी आणि ॲसिडिटीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. खानदेशातल्या एका शहरात मी ३१ वर्षं आरोग्यसेविका होते, आधी नगरपालिकेत आणि पुढे ती महापालिका झाल्यावर तिथेच. लसीकरण, गरोदर बायांची नोंद, तापाचं सर्वेक्षण, टीबीच्या गोळ्या घरी नेऊन देणं, हे माझं काम. इथे लिहिते ते पायी फिरून पाहिलेलं आणि निवृत्तीनंतर वाचलेलं.

प्रश्न : ताई, मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गात नाल्याच्या अलीकडची आणि पलीकडची अशी दोन्हीकडची मुलं आहेत. प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावली की पलीकडची मुलं पुढे येतात, दरवर्षी. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत आणि रोज चालत देवळात जातात. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचे यजमान ५१ व्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेले. त्यांना बीपी आहे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या आणि त्यांच्या घरात दीड किलोमीटरचं अंतर आहे. शहर याबाबतीत काही करू शकतं का? — एक शिक्षिका, धुळे

उत्तर : मॅडम, ती रांग तुमच्या लक्षात आली हे फार मोलाचं आहे. शहराच्या अहवालात ती कधीच दिसत नाही, कारण तिथे अख्ख्या शहराची मिळून एकच टक्केवारी जाते. अलीकडची भरलेली ताटं आणि पलीकडची रिकामी ताटं एकत्र मोजली की सगळ्यांचं पोट अर्धं भरलेलं दिसतं. ग्लासगो या स्कॉटलंडमधल्या शहराचं असंच होतं. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका आयोगाने वस्तीवार आकडे पुढे ठेवले, तेव्हा तिथल्या काल्टन या गरीब वस्तीत जन्मलेल्या मुलाचं अपेक्षित आयुष्य शहरालगतच्या लेन्झीतल्या मुलापेक्षा २८ वर्षांनी कमी निघालं. आणि हे अशा देशात, जिथे दवाखान्यात कोणाला पैसे पडत नाहीत.

माझ्या डोळ्यांसमोर हे २००६ साली आलं. एके दिवशी मी गोवराच्या लसीची ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायच्या मुलांची यादी, आणि लस दिलेल्या मुलांची वही शेजारी शेजारी ठेवली. नगररचना विभागातून वॉर्डाच्या नकाशाची निळी प्रत मागून आणली आणि दवाखान्याच्या भिंतीला चिकटवली. लस चुकलेल्या एकेका मुलाच्या घराच्या जागी एक लाल टिकली लावली. कपाळाला लावतो तीच टिकली, बाजारातून पाकीट आणलं होतं. मला वाटलं होतं, टिकल्या नकाशाभर विखुरतील. पाकीट संपत आलं तेव्हा मागे सरकून पाहिलं, तर नाला आणि रेल्वेचे रूळ यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, तीन गल्ल्यांमध्ये, टिकलीला टिकली भिडली होती. बाकीचा नकाशा जवळजवळ कोरा.

त्या तीन गल्ल्यांत मी कित्येक वर्षं जात होते आणि ‘या बायका ऐकतच नाहीत’ असं म्हणत परत येत होते. टिकल्या पाहिल्यावर पहिल्यांदा खाली बसून विचारलं. एक बाई नुकतीच दालमिलमधून आली होती. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर डाळीच्या भुशाची पिवळी धूळ तशीच होती. ती म्हणाली, “ताई, खाडा पडस ना!” लस बुधवारी, सकाळी दहा ते एक, नाल्याच्या अलीकडच्या बालवाडीत. पूल लांब, वळसा घालून जायचं, रांगेत थांबायचं, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. ट्रिपलची लस दिली की रात्री पोर तापतं, म्हणजे दुसऱ्या दिवशीही खाडा. लस फुकट होती, पण त्या बाईला ती दोन दिवसांच्या मजुरीला पडत होती. शाळामास्तरांच्या घरी त्याच लसीला काहीच पडत नव्हतं.

मग आम्ही मिलच्या सुट्टीचा वार धरला आणि लसीकरण पट्टीतच, मारुतीच्या पाराजवळ, संध्याकाळी ठेवलं. लिहायला हे दोन ओळींत झालं, पण परवानगी मिळायला सात महिने गेले. अडचण काय, तर उरलेली लस परत घेऊन थंड ठेवणारा कोल्डचेनचा माणूस पाच वाजता घरी जातो. एका नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याची आठवड्यातली एक पाळी उशिराची केली आणि प्रश्न संपला. वर्षभराने त्या पट्टीत उरलेल्या टिकल्या हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या.

म्हणून शहराने पहिल्यांदा काय करावं, तर आजार आणि चुकलेल्या सेवा गल्लीवार मोजाव्यात आणि जिथे टिकल्या दाट, तिथे माणसं, पैसा आणि वेळ आधी न्यावी. आपल्याकडे सहसा उलट होतं. वेल्समध्ये खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलं, की जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी पोचते. आपल्या शहरांतल्या स्पेशालिस्ट डॉक्टरांच्या पाट्या कोणत्या रस्त्यावर आहेत ते आठवून बघा.

आता मावशींच्या यजमानांचं. बीपी दुखत नाही, म्हणून तो माणूस दवाखान्यात येत नाही. तो पहाटे मजूर अड्ड्यावर, बाजार समितीच्या गेटवर किंवा रिक्षा स्टँडवर सापडतो. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासायची हे सरकारी धोरणच आहे, फक्त मशीन घेऊन सकाळी सहाला तिथे उभं राहायला हवं. आणि सापडला तरी पुढे गोळ्यांचं काय? मी ज्या दवाखान्यात होते तिथे कित्येक वर्षं एका वेळी दहाच दिवसांच्या गोळ्या मिळायच्या. महिन्यात तीन फेऱ्या, तीन खाडे. दोन महिन्यांत माणूस गोळ्या सोडतो आणि कार्डावर आम्ही लिहितो, ‘पेशंट अनियमित’. २०१७ मध्ये देशात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमात एकदम महिन्याभराच्या गोळ्या द्यायची पद्धत आली. एवढ्याशा बदलाने माणसं टिकतात.

दवाखान्याच्या वेळेबद्दलही बोला. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आलं, तेव्हा ५०,००० वस्तीला एक नागरी आरोग्य केंद्र, शक्यतो झोपडपट्टीत किंवा तिच्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत, आणि वेळ शक्यतो दुपारी बारा ते रात्री आठ, असं त्याच्या आराखड्यात लिहिलेलं होतं. २०२३ च्या महाराष्ट्र दिनी राज्यभर सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ची वेळही दुपार ते रात्र अशीच ठरवली होती. तुमच्या नाल्यापलीकडच्या केंद्राच्या दाराशी संध्याकाळी सात वाजता एकदा जाऊन उभ्या राहा. दार उघडं आहे का, आत डॉक्टर आहेत का, रक्त तपासायला घेतात का, एवढं बघा. आणि वर्गातल्या मुलांची उंची-वजनं घ्या, नावांऐवजी गल्ल्या लिहा आणि तो कागद आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. शिक्षकांनी दिलेला कागद ते बाजूला ठेवू शकत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या भागात दरवर्षी भाद्रपद-आश्विनात डेंग्यूचे पेशंट निघतात. फवारणीची गाडी येते, धूर होतो, फोटो निघतात. नळाला पाणी आठ-नऊ दिवसांनी येतं. मंडळातर्फे आम्ही काय मागणी करावी? — मित्रमंडळाचा एक कार्यकर्ता (शहराचं नाव छापू नये)

उत्तर : भाऊ, आठ-नऊ दिवस हा आकडाच तुमचं उत्तर आहे. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, तो स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून डास, या सगळ्याला आपल्याकडच्या उकाड्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे तुमच्या नळाचा फेरा आणि डासाचा फेरा जवळजवळ सारखाच आहे. पाणी चार दिवसांआड आलं तर टिपाड मध्येच रिकामं होईल, घासलं जाईल आणि अळी डास होण्याआधी मरेल. नऊ दिवसांनी आलं तर कोणती बाई भरलेलं टिपाड ओतेल?

हे मी शिकले ते एका बाईच्या दारात. डेंग्यूची साथ होती, वरून हुकूम होता की अळी दिसली की भांडं रिकामं करायचं. मी आणि दोन कर्मचारी एका घरात गेलो. दाराशी तीन निळी टिपाडं, दोन माठ, एक पत्र्याचा डबा. टॉर्च मारला तर एका टिपाडात अळ्या वळवळत होत्या. मी म्हटलं, ओता. तिने विचारलं, “मंग पानी कव्हय ई?” म्हणजे, मग पाणी कधी येईल? मला उत्तर माहीत नव्हतं. कर्मचाऱ्याने टिपाड आडवं केलं. दोनशे लिटर पाणी गटारीकडे वाहत गेलं आणि ती बाई चौकटीला धरून नुसती बघत राहिली. तिची मोठी पोर, दहा-अकराची असेल, पळत जाऊन उरलेलं पाणी तपेलीने गोळा करत होती. त्या दिवशी मी ड्युटी केली, पण चुकीच्या दारात केली. ते टिपाड ओतायला लावण्याऐवजी मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जाऊन बसायला हवं होतं.

चांगल्या वसाहतीतही पाणी आठ दिवसांनीच येतं, पण तिथे गच्चीवर झाकणाची टाकी असते, खाली हौद असतो, बोअर असतो. दिवस तेच, डास मात्र टिपाडाच्या घरात. म्हणून मागणी फवारणीची करू नका. धुराने उडते डास मरतात, अळ्यांना काही होत नाही.

मागायचं ते असं. माहितीच्या अधिकारात पाण्याचं गल्लीवार वेळापत्रक मागा, कोणत्या व्हॉल्ववरून कोणत्या गल्लीला किती दिवसांनी आणि किती मिनिटं पाणी सुटतं. शेजारी गेल्या तीन वर्षांचे गल्लीवार डेंग्यू पेशंट लिहा. ज्या गल्ल्यांत साठवणीला फक्त टिपाडं आहेत, तिथला फेरा आधी कमी करा, मग भले आमच्या बाजूचा एखादा दिवस लांबो, असा ठराव मागा. या ठरावाला विरोध होईल, तो सोसा. व्हॉल्वमनशीही बोला. कोणत्या गल्लीला दाब पोचत नाही हे त्याला इंजिनिअरपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

दुसरं, ओटी टेस्ट. पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ही साधी तपासणी, पाण्याला पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. पण नमुना टाकीजवळच्या नळाचा घेतला तर तो नेहमीच पिवळा येणार. नमुना शेवटच्या नळाचा घ्यायला लावा. पाणी बंद असताना पाइप रिकामा राहतो, जिथे फुटका असेल तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, आणि ते सगळ्यात जास्त पोचतं शेवटच्या घरांत. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तिथे मिळायला हवं.

तोवर मंडळाने करायचं काम: जुन्या सुती साडीचं किंवा ओढणीचं फडकं टिपाडाच्या तोंडावर ताणायचं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल पट्टी कापून त्याने आवळायचं. पंक्चरच्या दुकानात ट्यूब फुकट मिळतात. टिपाड रिकामं झालं की आतून नारळाच्या काथ्याने घासा, कारण अंडी पाण्याच्या रेघेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात. नुसतं पालथं घातल्याने ती जात नाहीत.

प्रश्न : मी बाजार समितीत हमाली करतो. घर पत्र्याचं, एकच खोली. सून सात महिन्यांची गरोदर आहे. मे महिन्यात दुपारी पंखा आग फेकतो. आमच्यासारख्यांसाठी शहर काय करू शकतं? — एक वाचक, जळगाव

उत्तर : दादा, आधी सुनेचं. तिला तहान लागायची वाट बघू नका, थोडं थोडं पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत दिवसभर द्या. लघवी गडद पिवळी झाली, डोकं गरगरलं, बोलण्यात असंबद्धपणा आला, अंग तापून घाम थांबला किंवा पोटातल्या बाळाची हालचाल कमी वाटली, तर सायंकाळची वाट न बघता लगेच सरकारी दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा.

आता छप्पर. कळीचा चुना रात्रभर भिजवा, गाळून घ्या, त्यात थोडा फेविकॉल घाला म्हणजे तो धरून राहतो, आणि ऊन उतरल्यावर पत्र्याला दोन-तीन हात द्या. पत्र्यावर थेट पाय ठेवू नका, शिडी लावून किंवा आडवी फळी टाकून काम करा. पांढऱ्या छपराने खोलीतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास हे काम करायचं.

एका घरासाठी हे तुम्ही कराल, पण हजार घरांसाठी शहराने करायला हवं. आपल्यासारख्याच उन्हाच्या अहमदाबादने हे केलं आहे. २०१० च्या मे महिन्यात तिथे पारा ४६ च्या वर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातल्या शहरांत पहिला. किती अंशांना कोणता इशारा द्यायचा ते ठरलं, बागा दुपारीही उघड्या ठेवायचं ठरलं, पाणपोया वाढल्या, पुढे झोपडपट्ट्यांची छपरं पांढरी करण्याचं काम झालं. तिथल्या एका रुग्णालयात सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली नवजात बाळांचा वॉर्ड होता. तो खालच्या मजल्यावर आणला आणि उष्णतेने आजारी पडणारी बाळं कमी झाली. बाळंतपणासाठी सुनेचं नाव जिथे नोंदवाल, तिथे बाळंतिणींचा वॉर्ड कोणत्या मजल्यावर आहे ते विचारून घ्या. वरचा असेल तर माझ्या पत्त्यावर कळवा, मी स्वतः अर्ज लिहून देईन.

आणि तुमचं स्वतःचं. पोती उतरवायचं काम सकाळी सहा ते अकरा आणि मग संध्याकाळी पाचनंतर, असं मे महिन्यापुरतं बाजार समितीकडून ठरवून घ्या. हमालांनी एकत्र जाऊन मागितलं तर ते होतं. एकट्याने मागितलं तर दुसरा हमाल बोलावला जातो.

प्रश्न : आम्ही घरपट्टी-पाणीपट्टी वेळेवर भरतो. झोपडपट्टीतली माणसं दारू-गुटख्यावर पैसे उडवतात आणि मग आजारी पडतात. त्यांच्यासाठी जास्त खर्च का? सगळ्यांना सारखं द्या. — एक व्यापारी, भुसावळ

उत्तर : भाऊ, तुम्ही मनातलं सरळ लिहिलंत, म्हणून मीही सरळ लिहिते. दारू आणि गुटख्याने घरं बसलेली मी पाहिली आहेत, ते मी नाकारणार नाही. पण सवयींवर सगळं ढकललं तर हिशोब जुळत नाही. लंडनमध्ये १९६७ पासून सुमारे १८,००० सरकारी नोकरांचा अभ्यास झाला. पुढे आरोग्याचे संशोधक डॉ. मायकेल मार्मट यांनी त्याचे निष्कर्ष मांडले. त्यात कोणीच बेकार नव्हता, कोणी उपाशी नव्हता, दवाखाना सगळ्यांना एकच. तरीही सगळ्यात खालच्या हुद्द्याच्या शिपायांमध्ये मृत्यूचं प्रमाण सगळ्यात वरच्या साहेबांच्या जवळजवळ तिप्पट होतं, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर ते थोडं थोडं वाढत जात होतं. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशोबातून वजा केलं तरी फरकाचा मोठा भाग उरला. तुम्ही रेल्वेच्या गावात राहता. साहेब, बाबू आणि गँगमन, तिघांनाही दवाखाना रेल्वेचाच. तिघांचं म्हातारपण एकसारखं जातं का, हे मला लिहून सांगण्यापेक्षा तुम्हीच ओळखीची घरं आठवा.

‘सारखं’ या शब्दाबद्दल. व्हॉल्व एकच, सुटण्याची वेळ एकच, पण टाकीजवळच्या घरात पाणी तिसऱ्या मजल्यावर चढतं आणि शेवटच्या घरात हंडाही भरत नाही. दोघांची पाणीपट्टी सारखीच. तिथे शेवटच्या घरासाठी जाड पाइप टाकला तर तो जास्तीचा खर्च दिसतो खरा, पण पाणी सारखं मिळावं म्हणूनच तो करावा लागतो.

तरीही पटत नसेल तर सुरत आठवा. खानदेशातल्या कोणत्या गल्लीतलं माणूस सुरतेच्या उधन्यात नाही? माझे मोठे दीर तिथे लूमवर होते. सप्टेंबर १९९४ मध्ये पूर ओसरल्यावर सुरतेत प्लेग आला आणि लाखो माणसांनी शहर सोडलं. दीर रात्रीच्या पॅसेंजरने आले. माझी ड्युटी स्टेशनवर होती. उतरणाऱ्याला ताप बघून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल द्यायच्या. बाजारात टेट्रासायक्लिन मिळेनाशी झाली होती. त्या रात्री हिऱ्याचा व्यापारी आणि लूमवाला एकाच डब्यातून उतरले आणि दोघांनी माझ्यापुढे सारखाच हात पसरला. दीर मला बघून लांबच उभे राहिले, जवळ आले नाहीत. आपल्यामुळे मला आणि पोरांना लागण होईल, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर होती.

पुढच्या वर्षी, मे १९९५ मध्ये, एस. आर. राव तिथे आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा झोन केले, झोनच्या अधिकाऱ्याला खर्चाचे आणि निर्णयाचे अधिकार दिले, आणि स्वतःसकट सगळ्या अधिकाऱ्यांना सकाळी रस्त्यावर उतरवलं. रात्रीची झाडलोट सुरू झाली, हॉटेलांच्या भटारखान्यांची तपासणी झाली, आणि झोपडपट्ट्यांत फरसबंदी, दिवे, नळ, संडास गेले. दोनेक वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांमध्ये सुरतेचं नाव घेतलं जाऊ लागलं. दीर परत गेले, त्यांची नातवंडं आता तिथेच शिकतात. कर्मचारी तेच होते, तापी तीच होती. तुमच्या गावावरून वाहते तीच.

प्रश्न : ताई, मी एएनएमच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या शहराच्या कडेला सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याकडची आदिवासी कुटुंबं राहायला येतात. बाया ओपीडीत काही बोलत नाहीत, दुसऱ्यांदा येत नाहीत. मी काय करू? — एक विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्तर : पोरी, आधी भाषा. भिली, पावरी बोलणारी एक आशा किंवा मदतनीस केस पेपरच्या खिडकीशीच बसव, डॉक्टरांच्या टेबलाशी नको. बाई घाबरते ती खिडकीशी. मला अहिराणी येते म्हणून माझं निभावलं, पण पावरी बायांसमोर मीही मुकीच होते. पन्नासेक शब्द शीक. कुठे दुखतं, कधीपासून, किती पोरं, खाल्लं का.

दुसरं, सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. तुमच्या जिल्ह्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात तो बराच आढळतो. हात-पाय, पाठ ठणकते, पोरगं रात्रभर रडतं आणि शहरातल्या ओपीडीत कोणीतरी ‘अंगदुखी’ लिहून दोन गोळ्या देऊन पाठवतं. अशा पोराची सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची पहिली रक्ततपासणी, झाली आहे का, एवढं तू प्रत्येक वेळी विचार. पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासणीला पाठव. पाणी भरपूर, ऊन-थंडीपासून जपणूक, डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज, हे पोराच्या आईला तिच्या भाषेत सांग.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण मला ती कळायला वीस वर्षं लागली. रजिस्टरमध्ये मोबाइल नंबरचा रकाना असतो. बाई नंबर सांगते तो नवऱ्याचा, आणि नवरा असतो बारडोलीकडे ऊसतोडीला किंवा सुरतेत. लसीची तारीख आली की मेसेज सुरतेला जातो, बाई इथेच नाल्याकडेला बसलेली असते, आणि आपण लिहितो, ‘संपर्क होत नाही’. तू नंबरापुढे तो कोणाचा ते लिही. शेजारी पेन्सिलने दुसरा नंबर घे, गल्लीतल्या किराणा दुकानदाराचा किंवा खोलीमालकाचा, तिला विचारून. आणि तिसऱ्या ओळीत लिही, ही बाई कोणत्या महिन्यात गावी जाते. होळीला बहुतेक सगळ्या जातात. लसीचं कार्ड होळीच्या आधी तिच्या हातात पडलं पाहिजे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, म्हणजे गावाकडच्या सिस्टरला पुढची लस देता येईल.